आधी परीक्षेची तारीख, मग दीर्घ श्वास

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला नर्सिंगच्या विद्यार्थिनींच्या ताणावरचा लेख वाचला. पहाटे उठा, दीर्घ श्वास घ्या, वेळापत्रक आखा, मैत्रिणीशी मन मोकळं करा. लेखिकेच्या हेतूबद्दल शंका नाही. पण ग्वाल्हेरात वाचल्या जाणाऱ्या पानावर हा विषय घ्यायचा आणि मध्य प्रदेशात रखडलेल्या नर्सिंगच्या परीक्षांचा एका ओळीनेही उल्लेख करायचा नाही, याचा मला संताप आला.

माझ्या भाचीने २०२०-२१ च्या सत्रात इथल्या एका खासगी कॉलेजात बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश घेतला. अभ्यासक्रम चार वर्षांचा. तीन वर्षं उलटली तरी पहिल्या वर्षाची परीक्षाच नाही! फेब्रुवारी २०२३ मध्ये पेपर अगदी तोंडावर आले, पोरगी रात्र रात्र जागून ॲनाटॉमी घोकत होती, आणि उच्च न्यायालयाच्या इथल्याच खंडपीठाने परीक्षा स्थगित केली. न्यायालयाला मी बोल लावत नाही. मान्यतेसाठी लागणारं ज्यांचं रुग्णालय कागदावरच होतं, अशा कॉलेजांना कुणीतरी अडवायलाच हवं होतं. पण त्यात भरडल्या गेल्या त्या पोरी. कॉलेजांची चौकशी न्यायालयाने सीबीआयकडे सोपवली, तर पुढे मे २०२४ मध्ये ती चौकशी करणारे अधिकारीच लाच घेताना पकडले गेले, आणि चौकशीत योग्य ठरलेल्या १६९ कॉलेजांची तपासणी पुन्हा करायची वेळ आली.

त्या काळात भाची नातेवाइकांत मिसळेनाशी झाली. चैत्रातल्या हळदीकुंकवाला कुणीतरी विचारलं, "अगं, अजून फर्स्ट इयरच का?" हातातली वाटली डाळ तशीच ठेवून ती आत निघून गेली. कॉलेज सोडावं म्हटलं, तर दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका त्यांच्याकडे अडकलेल्या. त्या हव्या तर उरलेल्या वर्षांची फी भरा, असं माझ्या बहिणीला तोंडावर सांगितलं. वॉर्डातली ड्यूटी मात्र चालूच. दुपारी दोन ते आठ पायांवर उभं राहायचं, घरी येऊन केअर प्लॅन, म्हणजे एकेका रुग्णाच्या देखभालीचे आराखडे, हाताने लिहून काढायचे. आजारपणात बुडालेला दिवसही नंतर भरून द्यायचा, कारण प्रॅक्टिकलची हजेरी शंभर टक्के झाल्याशिवाय पदवी नाही. हा नियम योग्यच आहे, रुग्णाच्या जिवाशी गाठ असते. या कामाला ती कधी कंटाळली नाही. घरी आजीची नाडी मोजायलासुद्धा घड्याळ घेऊन बसायची. तिची झोप उडाली ती परीक्षेच्या तारखेपायी. अशा मुलीला वेळापत्रक आखायला सांगता, ते कशाच्या आधारावर आखायचं तिने?

आणखी एक सांगते, राग मानू नये. परीक्षा थांबल्याच्या, चौकशीच्या बातम्या तुमच्याकडे आतल्या पानावर बोटभर जागेत येतात. नर्सिंग प्रवेशाच्या जाहिराती मात्र पानभर. त्या जाहिरातींत कॉलेजला यंदाची मान्यता आहे की नाही, हे कुठेच नसतं. आई-बाप तुमच्या पेपरावर भरवसा ठेवून फी भरतात.

प्रवेश सुरू होण्याआधी मान्यता असलेल्या कॉलेजांची यादी पहिल्या पानावर छापा. कोणत्या वर्षाची परीक्षा कधी आहे आणि कोणता निकाल अडलाय, हे दर महिन्याला द्या. आणि मूळ कागदपत्रं अडवून ठेवणाऱ्यांना जाब विचारायला तुमचा बातमीदार पाठवा. माझी बहीण त्याच्याबरोबर जायला तयार आहे.

आपली,
एक वाचक, दाणाओळी, लष्कर, ग्वाल्हेर