ल्यूथर, कॅल्विन आणि आद्य ख्रिस्ती लेखक: अर्धी वाक्यं नकोत

मा. संपादक,

स.न.वि.वि.

धर्मसुधारणा दिनाच्या निमित्ताने तुमच्या पुरवणीत जो लेख आला त्यावर बरीच पत्रं तुम्ही छापलीत, मी सगळी वाचली. एका बाजूचं म्हणणं, ल्यूथर-कॅल्विन ह्या सोळाव्या शतकातल्या सुधारकांनी (ज्यांच्यापासून प्रोटेस्टंट पंथ निघाले) जे शिकवलं ते आधीची पंधराशे वर्षं कुणाच्या गावीही नव्हतं, सगळं नवीन काढलेलं. दुसरी बाजू म्हणते छे, त्यांनी तर प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांच्या, वेळची मंडळी (चर्च) होती तशी परत उभी केली. आणि दोघंही पुरावा म्हणून पहिल्या पाच शतकांतल्या त्याच जुन्या ख्रिस्ती लेखकांची (त्यांनाच "फादर" म्हणतात) एकेक ओळ उचलून देतायत, इग्नेशियस, जस्टिन, सिप्रियन, ऑगस्टीन. मी प्रोटेस्टंट घरातला, नगरकडचा, बायकोचं माहेर वसईचं कॅथलिक, त्यामुळे हा वाद आमच्याकडे जेवताना पण होतो, म्हणून राहवलं नाही आणि लिहायला बसलो.

माझं म्हणणं असं की सुधारकांचा विश्वास आद्य ख्रिस्ती लेखकांशी जुळतो का, हे एकगठ्ठा विचारलं की हो म्हणणारा पण चुकतो आणि नाही म्हणणारा पण. कृपेबद्दल बरंचसं जुळतं, बिशप आणि प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा विधी) ह्यांबद्दल बऱ्याच ठिकाणी जुळत नाही, आणि मेलेल्यांसाठी प्रार्थना करण्याबद्दल तर अजिबात जुळत नाही. हे मी माझ्या पदरचं सांगत नाहीये, खुद्द सुधारकांनीच लिहून ठेवलंय, आणि आपण प्रोटेस्टंट लोकांनी ते वाचलेलं नसतं हे मला मनापासून खटकतं.

आधी एक गोष्ट. सुधारकांनी जुन्या लेखकांना केराची टोपली दाखवली असं जे एका पत्रात आलंय ते खरं नाही. ल्यूथर स्वतः ऑगस्टीनच्या नावाने चालणाऱ्या संघातला संन्यासी होता. बाझलच्या फ्रोबेन छापखान्यातून इरॅस्मस नावाच्या विद्वानाने एकामागून एक मोठमोठे ग्रंथ काढले, १५१६ ला जेरोम, १५२० ला सिप्रियन, १५२६ ला आयरेनियस, मग १५२८-२९ ला ऑगस्टीन, म्हणजे सुधारणेचा वाद पेटला होता तेव्हाच ही पुस्तकं नव्याने लोकांच्या हातात येत होती आणि दोन्ही बाजूचे लोक ती वाचत होते. १५३६ मध्ये कॅल्विनने आपल्या ग्रंथाच्या सुरुवातीला फ्रान्सच्या राजाला उद्देशून जे लिहिलं त्यात तो उघड म्हणतो की निकाल जर जुन्या लेखकांच्या शब्दावर लावायचा असेल तर विजयाचं पारडं आमच्याच बाजूला झुकेल. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लोझानला जाहीर वादविवाद झाला, तिथे समोरच्यांनी आरोप केला की तुम्ही लोक जुन्या आचार्यांना मानत नाही, तर हा सत्तावीस वर्षांचा पोरगा उठला आणि तर्तुल्लियन, सिप्रियन, ख्रिसोस्तोम, ऑगस्टीन यांचे दाखले एकापाठोपाठ एक नुसत्या आठवणीतून देत सुटला. ज्याला त्यांची पर्वा नाही तो इतका अभ्यास करेल का?

पण ह्याच्या पुढची गोष्ट आपले लोक सांगत नाहीत. ल्यूथरचा उजवा हात म्हणजे मेलांख्थन, १५३० ची ऑग्सबर्गची विश्वासघोषणा (ल्यूथरच्या बाजूचं विश्वासाचं जाहीर निवेदन) त्यानेच लिहिली आणि तिच्यात ऑगस्टीनचा आधार पण दिला. मग १५३१ मध्ये ब्रेंझ नावाच्या सहकाऱ्याला खासगी पत्र लिहिताना तो काय म्हणतो तर, लोकांच्या मनात ऑगस्टीनबद्दल जो आदर आहे त्यापायी मी त्याला पूर्णपणे आपल्या मताचा म्हणून दाखवतो, खरं तर विश्वासाने मिळणारं नीतिमत्त्व (देवापुढे निर्दोष ठरणं) त्याने पुरेसं समजावलेलं नाही. मला हे पहिल्यांदा वाचल्यावर फार वाईट वाटलं होतं, अजूनही वाटतं. पण त्यातला मुद्दा बरोबर आहे. पेलेजियस म्हणायचा की माणूस आपल्या बळावर चांगला वागू शकतो, आणि ऑगस्टीनने आयुष्याची शेवटची वीसेक वर्षं त्याच्याशी आणि त्याच्या शिष्यांशी झगडण्यात घातली की नाही बाबा, कृपेशिवाय माणसाला देवाकडे वळायची इच्छा सुद्धा होत नाही. इथपर्यंत ल्यूथर, कॅल्विन आणि ऑगस्टीन अगदी खांद्याला खांदा लावून उभे आहेत. त्यापुढे ऑगस्टीनचं म्हणणं की देव माणसाच्या अंतःकरणात प्रीती ओतून त्याला खरोखर नीतिमान करत जातो, आणि सुधारकांचं म्हणणं की ख्रिस्ताचं नीतिमत्त्व विश्वास ठेवणाऱ्याच्या खाती धरलं जातं आणि बदल त्याच्यामागून येतो. हा फरक लहान नाही, सगळा वाद ह्याच्यावरच झाला.

मग "केवळ विश्वासाने" हे कुणी आधी म्हटलंच नव्हतं का? म्हटलं होतं. त्याच ऑग्सबर्गच्या सहाव्या कलमात अँब्रोजच्या नावाने एक वाक्य दिलंय की जो ख्रिस्तावर विश्वास ठेवतो तो कर्मांशिवाय, केवळ विश्वासाने तारला जातो आणि पापांची क्षमा त्याला फुकट मिळते. ते लिहिणारा अँब्रोज नव्हता हे पुढे अभ्यासकांच्या लक्षात आलं, पण लेखक चौथ्या शतकातलाच, पौलाच्या पत्रांवर टीका लिहिणारा. तेव्हा हे शब्दच सोळाव्या शतकात जन्मले असं म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं.

मेलेल्यांसाठी प्रार्थनेचा मुद्दा तर मला वाटतं ह्या सगळ्या वादातला सगळ्यात प्रामाणिक आहे. ३८७ मध्ये ऑस्तिया बंदरात ऑगस्टीनची आई मोनिका वारली. मरताना ती मुलांना म्हणाली की हे शरीर कुठेही पुरा, त्याची काळजी करू नका, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा. आणि ऑगस्टीनने आपल्या आत्मकथनात तिच्यासाठी केलेली प्रार्थना लिहून ठेवली आहे, ती वाचताना कुणाही लेकराचं काळीज हलेल. कॅल्विनला ही जागा चांगली माहीत होती. तो लपवाछपवी करत नाही. विरोधक म्हणतात ही रीत तेराशे वर्षांची आहे, तर तो ते मान्य करतो आणि उलट विचारतो की देवाच्या कोणत्या वचनावरून? मोनिकाबद्दल त्याचं म्हणणं की ती एका म्हातारीची इच्छा होती, मुलाने ती शास्त्राच्या कसोटीवर घासून पाहिली नाही. शब्द कठोर आहेत, मला ते आवडत नाहीत, पण इथे कॅल्विन स्पष्ट सांगतोय की जुने लेखक एकीकडे आणि मी दुसरीकडे. मग आपण त्याचे चेले म्हणवणाऱ्यांनी "सगळे फादर आमचेच" असं का म्हणावं?

आता एक गोष्ट जी दोन्ही बाजूंच्या पत्रांत कुठेच आली नाही. आपण ज्यांना अगदी पहिले लेखक म्हणतो, प्रेषितांच्या लगेच नंतरचे, त्यांच्यातले कितीतरी ल्यूथरला वाचायला मिळालेच नव्हते. रोमच्या क्लेमेंटने साधारण ९६ साली करिंथच्या मंडळीला लिहिलेलं पत्र छापून आलं १६३३ मध्ये, ऑक्सफर्डला. त्याच्या ३२ व्या अध्यायात स्वच्छ लिहिलंय की आपण स्वतःमुळे, आपल्या शहाणपणामुळे किंवा शुद्ध मनाने केलेल्या कर्मांमुळे नीतिमान ठरत नाही, विश्वासाने ठरतो. ल्यूथरला हे मिळतं तर त्याने भिंतीवर लिहून ठेवलं असतं! पण दोनच पानं मागे, ३० व्या अध्यायात, तोच क्लेमेंट म्हणतो की आपण शब्दांनी नाही तर कर्मांनी नीतिमान ठरू या. आमच्या बाजूचे ३२ वा अध्याय पाठवतात, कॅथलिक मित्र ३० वा पाठवतात, दोन्ही एकत्र कुणी पाठवत नाही. तसंच ते दियोग्नेतसला लिहिलेलं पत्र, त्याचं हस्तलिखित कॉन्स्टँटिनोपलला एका मासेवाल्याच्या दुकानात माल बांधायच्या कागदांत सापडलं आणि छापलं गेलं १५९२ ला, कॅल्विन जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली होती. त्यात तर एका नीतिमानाच्या नीतिमत्त्वाने अनेकांची पापं झाकली गेली, केवढी गोड ही अदलाबदल, असं म्हटलंय. म्हणजे सुधारकांच्या बाजूचा इतका सुंदर पुरावा, आणि त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही.

आणि उलट पण झालंय. अंत्युखियाच्या इग्नेशियसला दहा शिपायांच्या पहाऱ्यात रोमला नेत होते, जनावरांपुढे टाकायला, तेव्हा वाटेत त्याने सात पत्रं लिहिली, साधारण ११० साल. त्यात बिशपला सोडून काही करू नका, आणि काही लोक प्रभुभोजनापासून लांब राहतात कारण ते आपल्या तारणाऱ्याचं शरीर आहे हे त्यांना कबूल नाही, असं तो लिहितो. कॅल्विनच्या काळात ह्या पत्रांमध्ये नंतरच्या लोकांनी बरीच भर घातलेली होती, सोबत काही बनावट पत्रं पण होती, आणि कॅल्विनने इग्नेशियसच्या नावाने फिरणारं ते सगळं भिकार म्हणून झटकून टाकलं. पुढे १६४४ मध्ये आर्माचा आर्चबिशप अशर, म्हणजे पक्का प्रोटेस्टंट माणूस, त्याने भर घातलेला भाग वेगळा काढून दाखवला, दोन वर्षांनी मूळ ग्रीक पण छापून आलं, आणि सात पत्रं अस्सल म्हणून बहुतेक अभ्यासकांनी मान्य केली. बिशप आणि प्रभुभोजनाच्या ओळी त्या अस्सल भागातच आहेत. तेव्हा "इग्नेशियस खोटा आहे" हे जे एका पत्रलेखकाने कॅल्विनचं नाव घेऊन लिहिलंय ते त्यांनी कृपया पुन्हा लिहू नये.

पण कॅथलिक बाजूने लिहिणाऱ्यांना पण माझा प्रश्न आहे. जस्टिन मार्टरने रोममध्ये १५५ च्या आसपास सम्राटाला उद्देशून लिहिलं त्यात रविवारची उपासना कशी चालते ते सांगितलंय. शहरातले आणि खेड्यातले सगळे एका जागी जमतात, प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तितके वाचतात, मग पुढारी उपदेश करतो, सगळे उभे राहून प्रार्थना करतात, भाकर आणि पाणी घातलेला द्राक्षारस आणतात, आभार मानतात, लोक आमेन म्हणतात, सगळ्यांना वाटतात, जे आले नाहीत त्यांच्या घरी डीकन (मंडळीचे सेवक) नेऊन देतात, आणि ज्याला जमेल तो पैसे देतो, ते अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले लोक ह्यांच्यासाठी. हे वाचून प्रोटेस्टंट माणसाला पण आपलं वाटतं आणि कॅथलिक माणसाला पण. द्राक्षारसाचा प्याला सगळ्यांना मिळायचा, हे बघा. पोप गेलेशियसने पाचव्या शतकाच्या शेवटी, प्याला न घेणाऱ्यांना चांगलंच सुनावलं होतं, आणि कॅल्विनने हाच दाखला दिला. तरी १४१५ मध्ये कॉन्स्टन्सच्या परिषदेने सामान्य लोकांना प्याला द्यायचा नाही असं ठरवलं. आणि १५१७ मध्ये जर्मनीत पापक्षमेची पत्रं विकली जात होती, ती जस्टिनच्या, सिप्रियनच्या कुठल्या पानावर आहेत? इतिहासात खोल उतरलं की माणूस प्रोटेस्टंट राहत नाही, हे न्यूमनचं (प्रोटेस्टंटचा कॅथलिक झालेला इंग्लिश विद्वान) वाक्य दोन पत्रांत आलंय. पण त्याच न्यूमनला १८४५ मध्ये शिकवण काळाबरोबर वाढत जाते असा पूर्ण ग्रंथ लिहावा लागला, कारण नंतरच्या कितीतरी गोष्टी सुरुवातीच्या लेखकांत तशा सापडत नव्हत्या.

ह्याच जस्टिनने आपल्यालाही अडचणीत आणलंय. तो म्हणतो ही साधी भाकर आणि साधं पेय नाही, येशूचं शरीर आणि रक्त आहे. आणि दर रविवारी. कॅल्विनला पण आठवड्यातून निदान एकदा प्रभुभोजन हवं होतं, जिनिव्हाच्या नगर परिषदेने वर्षातून चारदाच करू दिलं, आणि आपल्याकडच्या बऱ्याच चर्चमध्ये महिन्यातून एकदा आहे त्याला आपण जणू प्रेषितांनीच घालून दिलेली रीत समजतो. १५२९ मध्ये जर्मनीतल्या मारबुर्गला सुधारकांची आपसात चर्चा झाली, तिथे ल्यूथरने टेबलावर खडूने "हे माझे शरीर आहे" असं लिहून ठेवलं आणि भाकर हे शरीराचं फक्त चिन्ह म्हणणाऱ्या झ्युरिकच्या झ्विंगलीपुढे तसूभर हटला नाही, दोन्ही बाजूंनी ऑगस्टीनचे दाखले दिले, आणि पंधरापैकी ह्या एका मुद्द्यावर तुटलं. बाप्तिस्म्याचं तर विचारूच नका, कार्थेजचा तर्तुल्लियन साधारण २०० साली म्हणतो लेकरांना घाई करू नका, त्यावरून कळतं की देत होते, आणि पन्नास वर्षांनी त्याच कार्थेजमध्ये सिप्रियन आणि ६६ बिशप म्हणतात आठव्या दिवसापर्यंत पण थांबू नका. मग प्रोटेस्टंट जुळतात का विचारताना ल्यूथर धरायचा, झ्विंगली धरायचा, की तान्ह्या लेकराचा बाप्तिस्मा नाकारणारे?

मला स्वतःला सुधारकांचं मुख्य म्हणणं पटतं, की शास्त्र वर आणि बाकी सगळे, फादर धरून, त्याच्या खाली. ऑगस्टीननेच जेरोमला लिहिलं होतं की फक्त शास्त्रग्रंथांच्या लेखकांनी चूक केली नाही असं मी मानतो, बाकीच्यांचं तपासून घेतो. पण त्यानेच दुसरीकडे असंही लिहिलंय की मंडळीच्या अधिकाराने मला प्रवृत्त केलं नसतं तर मी शुभवर्तमानावर विश्वास ठेवला नसता. ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाची आहेत, आणि मला दोन्हींना उत्तर द्यावं लागतं.

तुम्हाला एक विनंती. हा वाद पुढे चालू ठेवणार असाल तर आधी क्लेमेंटच्या पत्राचे ३० ते ३२ हे अध्याय आणि जस्टिनचं ते रविवारच्या उपासनेचं वर्णन मराठीत पूर्ण छापा, दोन-तीन कॉलमची जागा लागेल फक्त. अनुवादाला वसईत माणसं आहेत, नगर-पुण्यात आहेत, दोन्हीकडचा एकेक जण घ्या म्हणजे पक्षपात झाला असं कुणी म्हणणार नाही.

आपला,
एक वाचक, अहिल्यानगर