जनरेटरची ऊब आभाळात, पोरं गार पाण्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबरात भाचीच्या मुलाला भेटायला सातपुड्याच्या पायथ्याशी एका वसतिगृहात मुक्कामी होतो. पहाटे साडेपाचला लाइट गेली आणि जनरेटर सुरू झाला. त्याचं इंजिन गार ठेवणाऱ्या रेडिएटरची झळ समोरच्या कडुनिंबावर जात होती. तेवढ्या बाजूची पानं करपून गेलेली. त्याच भिंतीच्या पलीकडे साठेक पोरं हौदातलं गार पाणी अंगावर घेत होती. सहा वर्षांचा आमचा नातू कुडकुडत म्हणाला, "आबा, पानी भलतं गार शे." त्याच्या हाताला भेगा पडल्या होत्या.

तिथल्या जबाबदार माणसाला विचारलं, तर उत्तर मिळालं, "गरम पाण्याला डिझेल परवडत नाही." आणि दोन बादल्यांत रॉड टाकलेले, तेही जनरेटरवरच!

चाळीस वर्षं मी इंजिनं खोललीत, म्हणून हिशोब मांडतो. वीजबिलातल्या युनिटांत मोजलं, तर एक लिटर डिझेलमध्ये साधारण दहा युनिट उष्णता असते. छोट्या जनरेटरमधून त्यातली तीनेक युनिटच वीज होऊन बाहेर पडते. जवळपास तेवढीच उष्णता इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यात जाते, बाकीची बहुतेक सायलेन्सरवाटे धुरात. म्हणजे रॉड लावणारा आधी दोन तृतीयांश ऊब फेकतो आणि उरलेल्या विजेची पुन्हा ऊब करतो. दोन तासांत सहा लिटर डिझेल जळत असेल, तर नुसत्या रेडिएटरच्या उष्णतेवर पाचशे लिटर पाणी पंधरा अंशांवरून बेचाळीसवर जाईल. तेहतीस बादल्या! लहान पोरांच्या आंघोळी त्यात सहज निघतील.

यात नवं काही नाही. आमच्या मळ्यातल्या विहिरीवर पाच हॉर्सपॉवरचं इंजिन होतं. पंपाचंच थोडं पाणी जॅकेटमधून, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पोकळीतून, फिरून बारीक नळीनं बाहेर पडायचं, कोमट, किंचित ऑइलच्या वासाचं. थंडीत सगळे गडी त्या नळीखालीच आंघोळ करायचे.

आजच्या इंजिनाला मात्र असं थेट पाणी घेऊ नये. त्यात फिरणारं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं औषधी पाणी, विषारी असतं. रेडिएटरच्या लाइनवर प्लेट हीट एक्स्चेंजर बसवावा, म्हणजे कूलंट एका बाजूनं, आंघोळीचं पाणी दुसऱ्या बाजूनं, आणि दोन्हींची गाठ पडत नाही. रेडिएटर काढायचा नाही. टाकी तापली की त्यालाच काम करायचं आहे. इंजिनाचं तापमान राखणाऱ्या थर्मोस्टॅटला हात लावू नये, कारण इंजिन ऐंशी अंशांच्या खाली गार पडलं तर डिझेल नीट जळत नाही आणि लायनर, म्हणजे सिलिंडरचं आतलं अस्तर, झिजतो. टाकीला जाड आवरण हवं. धुराच्या पाइपाला मात्र घरगुती जुगाड करून नळी गुंडाळू नका. गळती झाली तर धुरातला विषारी वायू खोलीत शिरून जीव घेतो.

नुसत्या पाण्यासाठी जनरेटर चालवा, असं मी म्हणत नाही. लाइट जात नसेल तिथे छपरावरचा सोलर बंबच बरा. पण जो जनरेटर रोज पहाटे चालतोच आहे, त्याची ऊब पोरांना का मिळू नये?

जिल्ह्यातल्या वसतिगृहांची, दवाखान्यांची व्यवस्था बघणाऱ्यांनी पुढच्या सर्व्हिसिंगच्या वेळी हे काम काढावं. एक्स्चेंजर आणि टाकी त्यांनी आणून ठेवावी. जोडणी मी मजुरी न घेता करून देईन, आणि तिथल्या वायरमनला शिकवूनही येईन.

आपला,
एक जुना इंजिन मेकॅनिक,
चोपडा, जि. जळगाव