जॉनकडे शिट्टी नव्हती

चि. बाळ्यास अनेक आशीर्वाद.

रविवारपर्यंत राहायचं ठरलं होतं, तू शुक्रवारीच निघून गेलास. आईनं तुझ्यासाठी भिजत घातलेल्या मटकीला मोड येऊन ती फ्रिजमध्ये तशीच बसलीय, आणि आई माझ्याशी कामापुरतं बोलते. फोनवर आपलं पुन्हा तेच होईल म्हणून लिहितोय. मराठीत लिहितोय, कारण इंग्रजीत मला फक्त ऑफिसची पत्रं जमतात. रविवारच्या मराठी शाळेसाठी आठ वर्षं तुला नेलं-आणलं, तेवढं पेट्रोल वसूल कर. कुठं अडलास तर ताईला विचार, आईला नको.

आधीच सांगून ठेवतो, गाडीबद्दल या पत्रात काही लिहिणार नाही.

तुझ्या कॉलेज-फुटबॉलच्या असिस्टंट कोचगिरीवरून बोललो, ते शिट्टीचं माझं चुकलं. "एवढं कॉम्प्युटरचं शिकून पोरांपुढं शिट्ट्या मारत हिंडणार काय?" हे मी पाहुण्यांसमोर बोलायला नको होतं. एकट्यात बोललो असतो तर चाललं असतं का, ते अजून ठरत नाही. बूट घालताना तू खाली मान घालून म्हणालास, "जॉनकडे शिट्टी नव्हती, बाबा." आणि दार हळूच ओढून घेतलंस. आपटलं असतंस तर बरं झालं असतं.

कुठला जॉन, ते तुझी गाडी कोपऱ्यावरून वळल्यावर डोक्यात शिरलं. रविवारी मी एकटाच कॉलेजव्हिलला, त्याच्या कॉलेजच्या मैदानावर जाऊन आलो. आईला सांगितलं, हार्डवेअरच्या दुकानात जातो. मैदान तसंच आहे, पाइनच्या झाडांमध्ये खोलगट जागी, परातीसारखं. चिटपाखरू नव्हतं. वरच्या कडेला उभा राहून आपण कुठं बसलो होतो ते शोधत होतो.

८ नोव्हेंबर २००३. ऑफिसातल्या एकानं दोन तिकिटं दिली म्हणून आपण गेलो होतो. तू सात वर्षांचा. मला त्या अमेरिकन फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. चार पावलं पळायचं, एकमेकांच्या अंगावर पडायचं आणि थांबायचं. मला वाटलं ही कबड्डीच आहे, फक्त दम घ्यायला वेळ देतात. सेंट जॉन्स कॉलेजनं बेथेलला २९-२६ असं हरवलं, त्यांचे कोच जॉन गॅग्लियार्डींचा तो ४०९ वा विजय, आधीचे विक्रमवीर कोच एडी रॉबिन्सन यांचे ४०८ मागे पडले, आणि सगळं मैदान उभं राहिलं. ७७ वर्षांचा म्हातारा. पोरं त्याला नावानं हाक मारत होती, 'कोच' म्हणायची बंदीच होती म्हणे. परतताना मागच्या सीटवरून तू विचारलंस, "त्याला ओरडावं लागत नाही का?" मी म्हणालो, "तुझ्या आजोबांना, आण्णांना पण तालमीत लागत नव्हतं." म्हणजे पहिली काडी टाकली ती मीच. हे आई गेली तीन वर्षं सांगतेय, मी कबूल करत नव्हतो.

दोन दिवस त्या माणसाबद्दल वाचत बसलोय. इटलीतून आलेल्या बापाचा पोरगा. हायस्कूलच्या कोचला महायुद्धासाठी बोलावणं आलं तेव्हा सोळाव्या वर्षी यानंच संघ हातात घेतला. १९४९ साली मोंटानातलं कॅरोल कॉलेज, १९५३ ला सेंट जॉन्स, ते थेट २०१२ पर्यंत. पहिली काही वर्षं आइस हॉकीचा संघही याच्याच गळ्यात. चार राष्ट्रीय विजेतेपदं, एकूण ४८९ विजय. आणि हे सगळं सरावात एकमेकांना न पाडता, शिट्टीशिवाय, दीड तासात सराव आटोपून. अकरावीत तुझ्या डोक्याला लागलं होतं तेव्हा तुझ्या शाळेत असा कोणी असता तर... असो.

पण बाळ्या, जॉन एकच. एका गावात साठ हंगाम काढणारा माणूस बघून आपला संसार मांडायचा नसतो. मुख्य कोचना निरोप दिला की त्यांच्या हाताखालच्यांचंही बिऱ्हाड उचललं जातं, हे तूच मला समजावलंस ना? नवा येईल तो आपली माणसं घेऊन येईल. आणि तू काय करतोयस, तर ज्या संघात पुढच्या वर्षी तू असशील की नाही ठाऊक नाही, त्या संघासाठी पोरं गोळा करत हिंडतोयस. तुमच्या कॉलेज-खेळांच्या थर्ड डिव्हिजनमध्ये खेळाची स्कॉलरशिप द्यायला मनाई, म्हणजे हातात देण्यासारखं काही नाही. कुठल्या तरी शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात बसायचं, त्याच्या बायकोला पटवायचं की तुमच्या पोराला आम्ही नीट सांभाळू. ती कॉफी देणार, तू भिडस्त, दुसरा कपही घेणार. उठेपर्यंत नऊ. मग पुढं तीन तास थर्टी-फाइव्ह हायवेवर, अंधारात, दोन्ही बाजूंनी मोकळं रान, रस्त्यावरून बर्फ सापासारखा सरपटत असतो. पुलांवर आधी गोठतं, हे तुला माहीत आहे. क्रूझ कंट्रोल लावू नकोस. वादळात हायवेचं फाटक बंद केलं तर बाजूच्या गावातल्या रस्त्यानं जायची हुशारी करू नकोस, मोटेलात राहा, पैसे मी देतो.

झालं. लिहिणार नाही म्हणालो होतो.

रागावू नकोस. तिशीला आलेल्या माणसाला गाडी कशी चालवायची हे शिकवायचं नसतं, कळतं मला. पण आमच्या घरात ही सवय जुनी आहे. आण्णा पठ्ठ्यांना घेऊन जत्रेच्या कुस्त्यांना जायचे, मिळेल त्या ट्रकनं. रात्री आक्का उंबऱ्यात बसायची, तांब्याभर पाणी शेजारी. मी झोपेतून उठून विचारायचो, तर "आलं न्हाईत अजून, तू नीज." गगनबावड्याच्या घाटात एकदा ट्रक बंद पडला. सकाळी आठला आण्णा आले, फेटा काखेत, हातात बक्षिसाचा नारळ, आणि मागं सहा पोरं भुकेली. आक्का एक शब्द बोलली नाही. सहा जणांसाठी भाकऱ्या थापायला बसली. चुलीसमोर तिचे हात मोकळे होते. पाटल्या त्याच वर्षी गेल्या, तालमीचं छप्पर शाकारायला.

मी शिकलो ते त्या पाटल्यांसाठी, बाळ्या. लाल मातीपासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब आलो, तर मिनेसोटात. आणि तू इथून चार तास खाली जाऊन पुन्हा तालीमच काढलीस, तीही दुसऱ्याची.

आण्णा गेले तेव्हा तू पोटात होतास. मी पोचलो तर गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. खांदा द्यायला जे आले ते सगळे मोडक्या कानांचे. पोलिसातले, साखर कारखान्यातले, एक शाळामास्तर, एक दूधवाला. मला कोणी पुढं येऊ देईना, मीच मुलगा आहे हे चुलत्यांना ओरडून सांगावं लागलं.

ऑक्टोबरात आम्ही सामना बघायला आलो होतो, तो तुम्ही वाईट हरलात. स्कोअर आठवत नाही, आईला आठवतो. तिसऱ्या क्वार्टरमध्ये तू बाकाच्या टोकाला गुडघ्यावर बसला होतास, एका पोराची दोन बोटं एकत्र धरून पट्टी गुंडाळत. तो पोरगा त्या दिवशी खेळला नाही, शेवटपर्यंत नाही, मी लक्ष ठेवलं होतं. तरी तू पट्टीचं टोक अंगठ्यानं दाबून धरलंस, चिकटेपर्यंत. आण्णा असंच करायचे, चिंधी आणि हळद घेऊन. मी आईला दाखवलं नाही. तिनं पाहिलंच असणार.

आणखी एक सापडलं, तुला ठाऊकच असेल. ज्याच्या नावानं तुमच्या डिव्हिजनची अंतिम लढत होते, तो जुना कोच स्टॅग. सत्तरीला शिकागो विद्यापीठानं घरी बसवला, तर दुसरीकडं जाऊन शिकवत राहिला, आणि पंच्याऐंशीच्या घरात पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहाना कॉलेजात स्वतःच्या मुलाबरोबर कोच म्हणून उभा राहिला. १९४७ ते ५२. १०२ वर्षं जगला. मला लगेच नोकरी देऊ नकोस, रिटायर व्हायला अजून वेळ आहे. मैदानावर चुन्याच्या रेघा सरळ मारून देईन, तेवढी इंजिनिअरिंग येते.

पुढचं वर्ष काय ते नवा कोच आला की कळेल. तू सोडलीस त्या कंपनीतली तुझी जागा भरली गेलीय का, हे मी कोणाला विचारलेलं नाही. विचारायला फोन उचलला होता, ठेवला.

कुठल्या दिवशी कुठलं गाव, एवढं कागदावर लिहून पाठव. पोचलास की नुसता मिस्ड कॉल दे, मी उचलणार नाही. झोपलेला असलो तरी कळतं.

तुझे
बाबा

ता. क. तुझ्या डिकीत उजव्या बाजूला कॉफीचा पत्र्याचा डबा आहे, तू जेवत असताना ठेवला. मेणबत्ती, चिवडा, हातमोजे. काडेपेटी टाकली की नाही ते आठवत नाही. बघ.