बॅजवरचा बिगूल राहू द्या

महोदय,

मराठा लाइट इन्फंट्रीच्या चिन्हातला ‘इंग्रजांचा बिगूल’ काढून तिथे तुतारी बसवावी, अशी सूचना करणारे पत्र याच सदरात वाचले. आठवडा उलटायच्या आत परळमध्ये एका मंडळाच्या फलकावर तसे चिन्ह छापूनही आले. (गेल्या निवडणुकांपासून कुठल्याही शिंगाकडे लोक राजकीय नजरेने बघतात, तो भाग वेगळा.) पत्रलेखकांची भावना कळते, सूचना मात्र अजिबात पटत नाही.

या बॅजवर आहे काय? दोरीने बांधलेला बिगूल, ढाल, एकमेकींवर तिरक्या ठेवलेल्या दोन तलवारी आणि अशोकस्तंभाचे सिंह. माझे वडील या पलटणीत हवालदार होते. रजेवर आले की चाळीच्या गॅलरीत जुने वर्तमानपत्र पसरून ब्रासोने बॅज घासत बसायचे. दोरीच्या पिळांत पांढरी पूड अडकायची. ती टूथब्रशने काढायचे काम आम्हा पोरांकडे. सिंहांच्या जागी पूर्वी राजमुकुट असायचा, हे त्यांनीच सांगितले होते. परक्या राजाची खूण तेव्हाच उतरली. ढाल-तलवार तर आपलीच. मग आक्षेप उरतो तो एकट्या बिगुलावर.

लाइट इन्फंट्रीचे शिपाई मुख्य फौजेच्या पुढे, पांगून लढत. इतक्या लांबवर अधिकाऱ्याची हाक पोचायची नाही आणि ढोल घेऊन झाडाझुडपांतून पळणे शक्य नव्हते. म्हणून पुढे सरका, थांबा, मागे या, हे सगळे हुकूम बिगुलावर दिले जात. त्यामुळे बिगूल ही त्या प्रकारच्या पायदळाची खूण झाली. ‘लाइट इन्फंट्री’ हा किताब मिळणे मानाचे होते, आणि तो फुकट मिळालेला नाही. 1840 मध्ये बलुचिस्तानातल्या कहान किल्ल्यात मुंबई फौजेच्या पाचव्या पलटणीचे शिपाई मेपासून सप्टेंबरपर्यंत वेढ्यात अडकले होते, तरी किल्ला पडू दिला नाही. पुढच्याच वर्षी पलटणीला हा किताब मिळाला. तीच आज मराठा लाइट इन्फंट्रीतली ‘काळी पाचवी’ बटालियन. कंपनी सरकारच्या चाकरीत लढले, हे खरेच. रेजिमेंटची सुरुवातच 1768 मध्ये, मुंबईतल्या मालमत्तेच्या रक्षणासाठी कंपनीने उभारलेल्या शिपाई पलटणीतून झाली. ही गोष्ट अडचणीची वाटते म्हणून बॅज खरवडायचा का?

चिन्हे बदलूच नयेत, असे माझे म्हणणे नाही. नौदलाच्या निशाणावरचा सेंट जॉर्जचा क्रॉस, म्हणजे इंग्लंडच्या झेंड्यावरचा लाल क्रॉस, 2022 मध्ये गेला आणि शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला, ते उत्तमच झाले. तो क्रॉस आपण कमावलेला नव्हता. महार रेजिमेंटचे उदाहरण जास्त बोलके आहे. 1941 मध्ये उभी राहिली तेव्हा तिच्या बॅजवर कोरेगावचा विजयस्तंभ होता. पुढे ती मशीनगन रेजिमेंट झाली तेव्हा दोन विकर्स मशीनगन आल्या. स्वातंत्र्यानंतर स्तंभ काढून खंजीर ठेवला गेला. तो स्तंभ काढायला नको होता, असे माझे स्पष्ट मत आहे; बॅजवरून उतरला तरी दर 1 जानेवारीला तिथे लाखो माणसे जातातच. आणि गंमत पाहा, 1960 च्या दशकात रेजिमेंट पुन्हा साधे पायदळ झाली, विकर्स गन तर कधीच्या मोडीत निघाल्या, पण बॅजवर त्या आजही आहेत. कुणी त्यांना जुनाट म्हणत नाही.

महाराजांचे नाव हवे असेल, तर मराठा पलटणीच्या युद्धघोषणेत ते आहेच. ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ म्हणत हे जवान चाल करून जातात. बॅजवर वेगळी मोहोर उमटवायची गरज त्यांना पडलेली नाही.

मंडळाला तुतारी प्रिय असेल तर मिरवणुकीत खुशाल वाजवावी. फलकावर रेजिमेंटचे नाव घालायचे असेल तर चिन्हही तिचेच, आहे तसे छापावे, आणि शंका असल्यास बेळगावच्या मराठा सेंटरला आधी विचारावे. आपल्या दैनिकानेही फलकांवरची अशी चित्रे शहानिशा न करता छापू नयेत, ही विनंती.

— एका हवालदाराचा मुलगा, परळ, मुंबई