बोर्ड सोळाचा, वायर पाऊणची

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडी सुरू झाली की पेपरात अधूनमधून एक छोटी बातमी येतेच, घराला आग, कारण शॉर्ट सर्किट, बस तेवढंच. मी कोल्हापूर भागात वायरमनचं काम करतो, आयटीआय करून परवाना काढलेला आहे, आणि अशा घरात नंतर फिटिंग बदलायला आमच्यासारख्यालाच बोलावतात म्हणून सांगतो, मी बघतो त्यात भिंतीतली वायरिंग बऱ्याचदा ठीक असते, जळालेला असतो तो एक्स्टेन्शन बोर्ड नाहीतर त्याची पिन, आणि त्यावर लावलेला असतो गिझर, पाणी तापवायचा रॉड, रूम हीटर नाहीतर इंडक्शन. शॉर्ट होतं ते सगळ्यात शेवटी. त्याआधी कितीतरी वेळ वायर तापत असते त्याबद्दल कोणी लिहीत नाही.

एका घरातून काढून आणलेला बोर्ड आत्ता माझ्यासमोर आहे. वरून झकास, तोंडावर 16 अँपिअर छापलंय, सॉकेट असे की जाड पिन पण बसते आणि बारीक पण. पण भिंतीत घालायचा टॉप म्हणजे प्लग बघितला तर तो साधा 6 अँपिअरचा, म्हणजे गिझरची सोळाची पिन इकडून आत घ्यायची आणि करंट सगळा सहाच्या टॉपातून ओढायचा. उघडला तर आत वायर दोनच कोरची, म्हणजे आत दोनच वायरी, अर्थिंगची तिसरी नाहीच. तीन भोकांचा सॉकेट आहे पण अर्थिंगच्या भोकामागच्या पट्टीला काही जोडलेलंच नाही! घरातल्यांना वाटत होतं अर्थिंग आहे. एका सॉकेटची पितळी पट्टी सैल होऊन काळी पडलेली आणि आजूबाजूचं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलेलं. वायर सोलून तारा मोजल्या, पाऊण एमएमच्या, म्हणजे 0.75 स्क्वेअर एमएमच्या वायरीत बारीक म्हणजे 0.2 मिमीच्या 24 तारा असायला पाहिजेत, इथे त्याच्यापेक्षा बऱ्याच कमी भरल्या, आणि ब्लेडने खरवडल्यावर आतून पांढरं निघालं, म्हणजे अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा.

आता हिशेब बघा, तो कुणालाही जमतो. आपल्याकडे सप्लाय 230 व्होल्टचा, मशीनवर जे वॉट लिहिलेत त्याला 230 ने भागायचं की अँपिअर मिळाले. 1000 वॉटची इस्त्री साडेचार अँपिअरच्या आत, 1500 चा रॉड साडेसहा, 2000 चा गिझर किंवा इंडक्शन पावणेनऊ, आणि 3000 चा इन्स्टंट गिझर थेट 13. सहाच्या टॉपावर सगळं मिळून 1380 वॉटच चालतात, म्हणजे त्यावर रॉड सुद्धा बसत नाही. पाऊणची चांगली तांब्याची वायर साधारण 7 अँपिअरपर्यंत, दीडची 14 ते 16, अडीचची 20 च्या आसपास.

करंट दुप्पट झाला की वायरीतली उष्णता दुप्पट नाही चौपट होते, हे शाळेत सगळे शिकलेत पण बोर्ड घेताना कुणाच्या डोक्यात नसतं. पाच मीटर लांब पाऊणच्या वायरीवर रॉड लावला तर वायरीत साधारण 11 वॉट उष्णता होते, आणि इन्स्टंट गिझर लावला तर 44. माझा डाग द्यायचा सोल्डरिंग आयर्न 25 वॉटचा आहे आणि त्याच्यावर कथील वितळतं. वायर पसरलेली असेल तर ती उष्णता लांबीभर वाटली जाते, पण आपल्याकडे लोकं वायर गुंडाळून रबर बँड लावून गादीखाली नाहीतर सतरंजीखाली सारतात, मग ती जाणार कुठे? साधं पीव्हीसी 70 डिग्रीपर्यंतच बनवलेलं असतं, त्यापुढे ते मऊ पडतं, मग कडक होऊन तडकतं.

एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा बोर्डातला स्विच, तो आहे की, तो पडेल, असं मला प्रत्येक घरात ऐकवतात. नाही पडणार. पॉवर पॉइंटचा एमसीबी 16 नाहीतर 20 चा असतो आणि तो भिंतीतल्या वायरीसाठी असतो, तुमच्या बोर्डाच्या पाऊणच्या वायरीची त्याला खबर पण नसते. 13 अँपिअर त्याच्या दृष्टीने नॉर्मल, 16 चा एमसीबी तर 18 अँपिअर सुद्धा तासभर सहन करतो. इंग्लंडमध्ये प्रत्येक पिनेतच फ्यूज असतो, आपल्या पिनेत नाही, म्हणून आपल्याकडे वायर बघूनच घ्यावी लागते.

आणि बघायचं काय तर वायरीच्या अंगावर छापलेलं, किती स्क्वेअर एमएम, आयएसआयचा शिक्का, आयएस 694 हा वायरीच्या मानकाचा नंबर, आणि सीएम/एल पासून सुरू होणारा लायसन्स नंबर, तो बीआयएस, म्हणजे हा शिक्का देणारी सरकारी संस्था, तिच्या बीआयएस केअर अॅपवर टाकला की खरा का खोटा लगेच कळतं. कोरी वायर असेल तर घेऊच नका. गेजच्या नंबरवर पण जाऊ नका, जुने मिस्त्री तीन बावीस, सात वीस म्हणतात तो वेगळा गेज, ऑनलाइन 18 एडब्ल्यूजी लिहिलेलं असतं तो अमेरिकेचा वेगळा, आणि त्यात नंबर वाढला की वायर बारीक होते, 18 म्हणजे 0.82 स्क्वेअर एमएम आणि 16 म्हणजे 1.3, गिऱ्हाईक मात्र 18 ला भारी समजून घेतं. अमेरिकेतून मुलांनी आणलेले बोर्ड तर 125 व्होल्टचे असतात, त्यातला सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे व्होल्टेज अचानक वाढलं तर वाचवणारा भाग, आपल्या 230 वर जळतो, ते लावूच नका. कॉम्प्युटरची कॉर्ड काढून राइस कुकरला लावतात तेही तसंच, तोंड बसलं म्हणजे वायर पुरते असं नसतं.

गिझर आणि एसी बोर्डावर नकोच, त्यांना अडीच किंवा चारची वायर ओढून स्वतंत्र सोळाचा पॉइंट करा. इलाजच नसेल आणि रॉड, इंडक्शन बोर्डावर लावायचं असेल तर दीडची तीन कोरची वायर आणि सोळाचा टॉप असलेला बोर्ड घ्या, महाग पडतो, पण घ्या. आणि चालू असताना अर्ध्या तासाने टॉपाला बाहेरून हात लावून बघा, चटका बसला तर बटण बंद करून काढा.

दुकानदारांना दोष देऊन भागत नाही, गिऱ्हाईक स्वस्तच मागतं हे मलाही माहितीये. पण सहाचा टॉप आणि पाऊणची वायर लावून तोंडावर 16 छापायला परवानगीच कशी मिळते, हे कुणीतरी बीआयएसच्या लोकांना विचारायला पाहिजे, आणि बोर्डाच्या खोक्यावर वायर किती एमएमची आणि एकूण किती वॉट चालेल हे मराठीत मोठ्या अक्षरात लिहिणं सक्तीचं व्हायला पाहिजे. आपल्या वार्ताहरांनाही विनंती आहे, पुढच्या वेळी अशी बातमी आली तर बोर्डावर काय चालू होतं आणि त्याची वायर कितीची होती, हे विचारून तेही छापा.

आपला वाचक,
एक परवानाधारक वायरमन, कोल्हापूर