संकेतस्थळांच्या वहीबद्दल ग्रंथपालताईंना पत्र

आदरणीय ग्रंथपालताई,

सादर नमस्कार. विनंती विशेष.

मोतीबिंदू पिकत आला आणि वर्तमानपत्राचा बारीक टाइप वाचवेनासा झाला, तेव्हा मुलाने दिलेला जुना टॅबलेट पिशवीत घालून मी वाचनालयात आलो होतो. तुम्ही त्यावरची अक्षरे हरभऱ्याएवढी करून दिलीत आणि पुढच्या तीन दुपारी, पुस्तकांची देवघेव सांभाळत, माझ्या आवडीनिवडी विचारून संकेतस्थळांचे पत्ते तर त्यात साठवलेतच, शिवाय ते एका शंभरपानी वहीत निळ्या शाईने लिहूनही दिलेत. त्याचे आभार तोंडी मानायचे राहिले, म्हणून हे पत्र.

बातम्यांच्या पानावर तुम्ही मोजकेच पत्ते लिहिलेत, आणि समासात 'आधी तारीख पाहावी' अशी सूचना. ती माझ्यासाठीच होती, हे मी ओळखले. हयात असलेल्या एका गायकांना श्रद्धांजली वाहणारा जुना मजकूर मी घरच्या गटावर पुढे पाठवला होता आणि पुतण्याने सर्वांसमक्ष माझी चूक दाखवली होती. ती हकिकत मीच तुम्हाला सांगितली होती. त्याच पानावरच्या 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळाने मात्र मला धरून ठेवले. पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या या संग्रहात ऊसतोड कामगारांपासून विणकरांपर्यंतची माणसे मराठीतूनही वाचायला मिळतात.

संस्कृतीच्या पानावर पहिला पत्ता मराठी विश्वकोशाचा. वाई आमच्या साताऱ्याहून तासाभराची वाट. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली तिथे सिद्ध झालेले ते जाडजूड खंड मी आयुष्यभर कपाटाच्या काचेतूनच पाहिले. आता नोंद हवी तेव्हा उघडते, आणि खंड उचलताना मनगट दुखत नाही.

खेळाच्या पानाने तर माझी एक रात्र खाल्ली. भाऊसाहेब निंबाळकरांच्या नाबाद ४४३ धावांची गोष्ट वडील सांगत, पण तिच्यात त्यांनी मीठमसाला घातला असावा, असा माझा समज होता. क्रिकइन्फोवर तुम्ही तो धावफलक उघडून दिलात: डिसेंबर १९४८, पुणे, काठियावाडविरुद्ध महाराष्ट्र ४ बाद ८२६, भांडारकर २०५. ब्रॅडमन यांच्या ४५२ धावांचा तेव्हाचा विक्रम अवघ्या नऊ धावांवर असताना काठियावाडचा संघ पुढे खेळायला तयारच झाला नाही. वडिलांचा आकडा एका धावेनेही चुकलेला नव्हता. मी त्या रकान्यांवरून बोट फिरवत बसलो आणि सौभाग्यवतींनी दोनदा दिवा मालवायला सांगितले.

ज्या स्थळावर जाहिराती अंगावर उड्या मारतात, ते माझ्या हट्टाला न जुमानता तुम्ही वहीत घेतले नाहीत. तेव्हा मी थोडा रुसलो होतो, आता तुमचेच बरोबर वाटते.

शेवटच्या पानावर मी स्वतः शोधलेला एक पत्ता पेन्सिलीने लिहिला आहे. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा १८५७ सालचा मराठी-इंग्रजी कोश आहे. मराठी शब्दासाठी शिकागोचे दार ठोठवावे लागते, याची गंमत वाटते, पण दार लगेच उघडते. येत्या सोमवारी वही घेऊन येतो. तुमच्या नजरेखालून गेला की तो पत्ताही शाईने लिहावा, ही विनंती.

आपला नम्र,
वाचनालयाचा एक जुना सभासद