मनूस, माझ्या अहवालानंतर

चि. मनू हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर "बाबा, मला ते जाणून घ्यायचेच नाही" असे म्हणून तू विषय तोडलास आणि फोन आईकडे दिलास. हे पत्र तुझे मन वळवण्यासाठी लिहीत नाही. जनुकाची तपासणी करायची की नाही, हा निर्णय सर्वस्वी तुझा आहे. मात्र तुझ्या बोलण्यावरून मला वाटले की आपल्या घराण्यात कॅन्सर घडवणारे काहीतरी उतरत आले आहे, अशी तुझी समजूत झाली आहे. ती तशीच राहू नये, म्हणून माझ्या अहवालात काय निघाले ते सविस्तर लिहितो.

माझ्या तेराव्या गुणसूत्रावरील बीआरसीए-२ या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक सदोष आहे. हे जनुक प्रत्येकातच असते. ते कॅन्सर घडवत नाही, उलट कॅन्सर होऊ नये म्हणून झटणारे एक प्रथिन घडवते, आणि त्या प्रथिनाचे काम तुटलेला डीएनए बिनचूक जोडण्यास मदत करणे हे आहे. आत्याच्या आजारात आणि माझ्या प्रोस्टेटच्या आजारात जे उणे पडले ते हे काम.

डीएनए तुटणे ही अपवादाची गोष्ट नाही. आपल्या प्रत्येक पेशीच्या केंद्रकात सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए गुंडाळलेला असतो आणि त्याला दररोज हजारो ठिकाणी इजा होते. त्यासाठी बाहेरून काही व्हावे लागत नाही. पेशीतील पाणी आणि श्वसनातून निर्माण होणारी ऑक्सिजनची तीव्र क्रियाशील रूपे एवढ्यासाठी पुरेशी असतात. डीएनए हा अतिशय स्थिर रेणू आहे असे सर्व जण मानत असताना टोमास लिंडाल यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले की तो इतक्या वेगाने झिजतो की दुरुस्तीवाचून जीवसृष्टी टिकलीच नसती. पुढे २०१५ साली त्यांना पॉल मॉड्रिच आणि अझीझ संजार यांच्यासह रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मला या गोष्टीचा फार आधार वाटतो, मनू. हे वाचत असताना तुझ्या, माझ्या, आईच्या प्रत्येक पेशीत हजारो जखमा होत आहेत आणि भरूनही निघत आहेत.

डीएनए समोरासमोरच्या दोन धाग्यांचा असतो, आणि बहुतेक जखमा एकाच धाग्यावर होतात. समोरचा धागा शाबूत असल्यामुळे तो पाहून हरवलेले अक्षर, म्हणजे डीएनएचा मजकूर ज्या चार घटकांनी लिहिलेला असतो त्यांपैकी एक, भरता येते. धागा एका बाजूने तुटला की पार्प-१ नावाचे प्रथिन त्या जागी जाऊन बसते, इतर प्रथिनांना बोलावते आणि काम उरकते. खरा प्रसंग येतो तो दोन्ही धागे एकाच ठिकाणी तुटतात तेव्हा. क्ष-किरणांनी असे होते. पेशी विभाजनापूर्वी डीएनएची प्रत काढत असताना वाटेत एका धाग्यावरची न भरलेली जखम आली, तरीही होते. अशा वेळी एटीएम हे विकर वर्दी देते, पेशीचे विभाजन थांबवले जाते आणि तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना लाखो अक्षरांच्या पट्ट्यातील हिस्टोन प्रथिनांवर, म्हणजे डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्यांवर, फॉस्फेटची खूण केली जाते. चकाकणारे रंगद्रव्य वापरून ती खूण सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते. काळ्या केंद्रकात हिरवे ठिपके दिसतात, ठळक आणि मोजता येण्याजोगे. पेशीने काम पुरे केले की ते एकेक करून मावळतात. मी अशी छायाचित्रे हल्ली वारंवार पाहतो.

आता तुटलेली टोके जोडण्याच्या दोन मुख्य वाटा आहेत, आणि आपल्या घरच्या प्रश्नाचे मूळ इथे आहे.

तुला चौथीतली ती वही आठवते का? दादाशी झालेल्या ओढाताणीत तिचे पान मधोमध फाटले होते. आईने चिकटपट्टी आणली, पण तू ती लावू दिली नाहीस, कारण फाटल्या जागची एक ओळ गेली होती. शेजारच्या मुलीची वही आणून तू ते पूर्ण पान पुन्हा उतरवून काढलेस, समासाच्या लाल रेघेसकट, आणि तोवर जेवायला उठली नाहीस. पेशीही या दोन्ही रीतींनी काम करते. पहिल्या वाटेत 'कू' नावाचे कड्यासारखे प्रथिन तुटलेल्या टोकांवर चढते आणि थोडीफार साफसफाई होऊन लायगेज-४ हे विकर टोके सांधते. ही वाट जलद आहे आणि कोणत्याही वेळी उपलब्ध असते, पण सांध्यापाशी कधी दोन-चार अक्षरे गळतात किंवा वाढतात. दुसरी वाट संथ आहे, पण जवळजवळ बिनचूक आहे. प्रत काढून झाल्यावर पेशीत त्याच मजकुराचा जुळा डीएनए शेजारीच असतो, आणि तो पाहून तुटलेला भाग जसाच्या तसा पुन्हा लिहिला जातो. यासाठी आधी तुटलेल्या टोकांचा एकेक धागा मागे कुरतडून उघडा केला जातो. त्या उघड्या धाग्यावर राड-५१ या प्रथिनाचे रेणू एकापाठोपाठ एक बसावे लागतात, आणि मग तो सजलेला धागा अब्जावधी अक्षरांतून आपल्याशी जुळणारा मजकूर शोधून काढतो. राड-५१ ला नेमके तिथे आणून बसवणारे प्रथिन म्हणजे बीआरसीए-२. ते ३,४१८ अमिनो आम्लांचे प्रचंड प्रथिन आहे आणि राड-५१ ला धरून ठेवण्यासाठी त्यात एकाच प्रकारचे आठ भाग आहेत.

माझ्या पेशींत त्या जनुकाची दुसरी प्रत चांगली आहे, आणि एक चांगली प्रत सहसा पुरते. म्हणूनच इतकी वर्षे माझे काही बिघडले नाही. धोका एवढाच की आयुष्याच्या ओघात एखाद्या पेशीत ती चांगली प्रतही निकामी होते. मग त्या पेशीला दुसरी वाट बंद होते, ती टोके कशीही जोडू लागते, गुणसूत्रांचे तुकडे चुकीच्या जागी चिकटतात आणि चुका साठत जातात.

आईवडिलांपैकी एकाकडे सदोष प्रत असेल, तर ती प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. तुझ्यासाठी निम्मी आणि दादासाठीही निम्मी. मी हा विषय काढणार नव्हतो, पण निघाला आहे तर आकडा लपवत नाही. सदोष बीआरसीए-२ असलेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे ६९ जणींना वयाच्या ऐंशीपर्यंत स्तनाचा आणि सुमारे १७ जणींना अंडाशयाचा कॅन्सर होतो. तू पंचविशी ओलांडली आहेस, आणि दोष असेल तर स्तनांची वार्षिक एमआरआय तपासणी साधारण याच वयापासून सुरू करतात. तुझ्या वाट्याला माझी चांगली प्रत आली असेल, तर या बाबतीत तुझा धोका इतर कोणाही स्त्रीइतकाच राहील आणि तुझ्या मुलांना या बाजूची कसलीही काळजी उरणार नाही. मग न जाणून घेण्यात कोणते सुख आहे?

क्षमा कर. वर्गात शिकवण्याची सवय सुटत नाही आणि घरातही मी फळ्यासमोर उभा असल्यासारखा बोलू लागतो. तुला कोणीही घाई करता कामा नये, मीसुद्धा. बारावीनंतर सगळे घर एका बाजूला असताना तू गणित निवडलेस आणि त्यात नाव काढलेस. त्या दिवसापासून तुझ्या निर्णयाबद्दल शंका घेणे मी सोडून दिले आहे, किंवा तसा प्रयत्न तरी करतो.

आत्याची मात्र आठवण येते. तिच्या आजारात ही तपासणी कोणी सुचवली नाही. बीआरसीए-२ चा छडा १९९५ साली लागलेला होता, तरी पोटातील दुखणे आणि पित्याकडून आलेला वारसा यांचा मेळ कोणी घातला नाही. वडिलांकडूनही हे येते, ही गोष्ट अजूनही पुष्कळांच्या ध्यानात नसते. प्लॅटिनमयुक्त औषधाने तिला आधी फार चांगला गुण आला होता आणि आपण सर्व जण चकित झालो होतो. आज त्याचे कारण समजते. ते औषध डीएनएचे धागे एकमेकांत जखडून टाकते, आणि ती गाठ सोडवायला त्या बिनचूक वाटेची गरज पडते, जी तिच्या कॅन्सरच्या पेशींकडे नव्हती. याच उणिवेवर नेम धरून नवी औषधे आली आहेत. ती पार्पला अडवतात, त्यामुळे एका धाग्यावरच्या जखमा वाढत जाऊन दोन्ही धागे तुटतात. निरोगी पेशी ते तुटलेपण बीआरसीए-२ च्या साहाय्याने निस्तरतात, पण कॅन्सरच्या पेशींना ते जमत नाही आणि त्या मरतात. दोन संशोधक गटांनी २००५ साली ही गोष्ट एकाच वेळी दाखवली, आणि २०१४ मध्ये ओलापॅरिब या औषधाला अंडाशयाच्या कॅन्सरसाठी मान्यता मिळाली. आत्याला हे मिळायला हवे होते. माझे उपचार नीट चालू आहेत, आणि पुढे गरज पडली तर हेच औषध मलाही देता येईल असे डॉक्टर म्हणाले आहेत. तेव्हा माझी काळजी करू नकोस. माझ्या डोक्यात माझा आजार दिवसातून थोडाच वेळ असतो. उरलेला वेळ कशात जातो ते तुला ठाऊक आहे.

दादाने गेल्या आठवड्यात रक्त दिले. त्याचा अहवाल यायचा आहे. तो आला की तुला कळवायचे की नाही, हे तूच सांग. तू म्हणशील तसे होईल.

सोबत माझ्या अहवालाची प्रत जोडली आहे. तिसऱ्या पानावर दोषाचे नेमके नाव आहे, त्याखाली मी पेन्सिलने रेघ ओढली आहे. कधी तपासणी करावीशी वाटलीच, तर हे पान सोबत ने. घरातला दोष आधीच माहीत असला की प्रयोगशाळेला सगळे जनुक चाळावे लागत नाही. तेवढी एकच जागा पाहिली की हो किंवा नाही असे स्वच्छ उत्तर मिळते. समुपदेशकाशी आधी बोलता येते, आणि बोलल्यानंतर तपासणी न करण्याचीही मोकळीक असते. जायचे ठरले तर मी बरोबर येईन, आणि एकटीने जायचे असेल तर येणार नाही. रविवारी फोन कर. मी या विषयावर काही विचारणार नाही.

तुझे
बाबा